मुंबईहून जर्मनीला शिकायला जाताना राहणं, खाणं आणि महिन्याचा खर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलुंडची. मागडेबुर्गला मास्टर्स केलं, तिथे साडेचार वर्षं राहिले आणि परत आले. तेव्हापासून आधी ओळखीतल्या आणि मग ओळखीच्यांच्या ओळखीतल्या घरांतून फोन येतात. कधी मुलं विचारतात, पण जास्त करून आई-बाबाच. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. प्रवेश, अर्ज, विद्यापीठांची क्रमवारी यातलं इथे काही नाही. तिथे उतरल्यावर रोजचं कसं चालतं आणि त्याला किती पैसे लागतात, एवढंच आहे. हिशेब सोपा जावा म्हणून युरो सगळीकडे १०० रुपयांचा धरला आहे.

जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना? मग व्हिसासाठी दाखवायचे बारा लाख कशाचे?

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, हे खरं. दर सत्राला काहीशे युरोपर्यंत वर्गणी भरावी लागते आणि तीत बऱ्याचदा प्रवासाचा पासही येतो. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर, पण तेही याच राज्यात येतं, त्यामुळे तिथे आपल्याला सवलत नाही. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे आणि मास्टर्सला ती दर सत्राला ४,००० ते ६,००० युरो आहे.

बारा लाख हे फीचे नाहीतच. ते तुमच्या मुलाच्या राहण्या-खाण्याचे आहेत आणि ते त्याच्याच खात्यात राहतात. शिक्षण फुकट म्हणून निर्धास्त झालेली घरं मी पाहिली आहेत. फी वाचते, पण जगण्याचा खर्च पूर्ण आपला असतो.

श्पेरकोंटो म्हणजे काय? ते पैसे परत मिळतात का?

श्पेरकोंटो म्हणजे अडवून ठेवलेलं खातं. व्हिसासाठी त्यात वर्षभराचे पैसे आधीच भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. जर्मनीत पोचल्यावर दर महिन्याला तेवढेच सुटतात, एकदम काढता येत नाहीत. व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत येतात, फक्त खातं उघडण्याचं शुल्क जातं.

दोन गोष्टी इथे बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली म्हणजे, ही रक्कम एकाच वर्षाची असते. मास्टर्स दोन वर्षांचं असतं आणि प्रबंध लांबला तर पाच सत्रं सहज होतात. राहण्याचा परवाना वाढवताना पुढच्या वर्षाची सोय पुन्हा दाखवावी लागते. म्हणून कर्जाचा अर्ज करताना आकडा दोन वर्षांचा धरा. दुसरी गोष्ट युरोच्या भावाची. २०२४ च्या सुरुवातीला युरो ९० च्या आसपास होता, २०२५ संपता संपता शंभरच्या वर गेला. भाव एका रुपयाने हलला की या एका रकमेत बारा हजारांचा फरक पडतो.

पैसे पाठवताना कर कापतात का?

परदेशी पैसे पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, गोळा करते. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर त्यावरही लागत नाही. ही मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी असते. त्यामुळे निम्मे बाबांच्या आणि निम्मे आईच्या खात्यातून गेले तर प्रश्न बऱ्याचदा तिथेच सुटतो. कापला गेलाच तर तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो.

वाटेतल्या बँका शुल्क कापून घेतात, म्हणून श्पेरकोंटोत भरताना चाळीस-पन्नास युरो जास्तच पाठवा. पाच युरो कमी पोचले म्हणून खात्याचा दाखला अडतो आणि व्हिसाची तारीख डोक्यावर आलेली असते.

कर्ज काढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मूल शिकत असतं तेव्हा हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं. जमेल त्या घराने निदान व्याज तरी दर महिन्याला भरत जावं.

महिन्याला ९९२ युरो पुरतात का?

खरं उत्तर शहराप्रमाणे बदलतं. विद्यापीठ किती नावाजलेलं आहे याने महिन्याचा खर्च बदलत नाही, ते कुठल्या गावात आहे याने बदलतो.

दोन हिशेब मांडते. पहिला पूर्वेकडच्या केम्निट्स किंवा मागडेबुर्गसारख्या गावाचा. वसतिगृहातली खोली, हीटिंग आणि पाण्यासकट ३०० युरो. आरोग्य विमा १४५. घरी रांधून किराणा २००. फोन १०. पास सत्राच्या वर्गणीतच. साबण, केस कापणं, एखादं पुस्तक, मित्रांबरोबर एकदा बाहेर खाणं मिळून ७०. झाले ७२५. महिन्याला अडीचशेच्या वर शिल्लक राहते आणि थंडीचा कोट, पुढच्या सत्राची वर्गणी त्यातून निघते.

दुसरा म्युनिकचा. वाटून घेतलेल्या घरातली एक खोली ७५० युरो, आणि ती मिळाली तरी नशीब म्हणायचं. विमा तोच १४५. किराणा २२०. फोन १०. प्रवास ४०. बाकीचे ८०. बेरीज १,२४५ होते, म्हणजे दर महिन्याला अडीचशे युरो कमी पडतात. वर्षाचे झाले तीन हजार युरो, तीन लाख रुपये. हे तीन लाख कुठून येणार ते विमानात बसण्याआधी ठरलेलं हवं. ‘तिथे गेल्यावर जॉब मिळेल’ हे त्याचं उत्तर नव्हे. का नव्हे, ते पुढे सांगते.

म्युनिक, फ्रांकफुर्ट, हाम्बुर्ग, श्टुटगार्ट आणि आता बर्लिनही महाग शहरांत मोडतात. लाइप्झिग, ड्रेस्डेन मध्यम खर्चाची. केम्निट्स, मागडेबुर्ग, इल्मेनाउ स्वस्त. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला असेल आणि अभ्यासक्रम तोलामोलाचे असतील, तर मी स्वस्त गाव घ्यायला सांगते. पैशांची काळजी नसलेलं मूल नीट शिकतं, हे मी माझ्या वर्गातच पाहिलं.

खोली कधीपासून शोधायची? मुंबईतून मिळते का?

प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी श्टुडिरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेच्या, वसतिगृहासाठी अर्ज टाका. यादी लांब असते आणि मोठ्या शहरांत दोन-तीन सत्रंही थांबावं लागतं, पण अर्जच नसेल तर नंबरच लागत नाही. याखेरीज दुसरी वाट वे-गेची, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेल्या घराची. तिथे आधीचे राहणारे तुमची मुलाखत घेतात आणि त्यांना माणूस आवडावा लागतो. ‘आय ॲम इंटरेस्टेड’ एवढ्या मेसेजला कुणी उत्तर देत नाही. चार ओळी स्वतःबद्दल, त्यातली एखादी मोडक्यातोडक्या का होईना जर्मनमध्ये, असं लिहिलं तर उत्तर यायची शक्यता वाढते.

जाहिरातीत काल्टमिटे आणि वार्ममिटे असे दोन आकडे असतात. काल्ट म्हणजे नुसती जागा. वार्ममध्ये हीटिंग, पाणी, कचरा वगैरे येतं. वीज आणि इंटरनेट कधी वार्ममध्ये धरलेलं असतं, कधी नसतं, तेव्हा ते विचारून घ्या. हिशेबाला नेहमी वार्मचा आकडा धरा.

फसवणुकीची एक ठरलेली गोष्ट आहे आणि दर वर्षी आपली मुलं तिला बळी पडतात. मध्यवस्तीत सुंदर फ्लॅट, भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी, मालक ‘सध्या परदेशात’, डिपॉझिट पाठवा म्हणजे किल्ली कुरिअरने येईल. अशी किल्ली कधीच येत नाही. जागा कुणीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किंवा वसतिगृहाचा अधिकृत करार हातात असल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. पासपोर्टची प्रतही देऊ नका, ती पुढच्या माणसाला फसवायला वापरतात.

डिपॉझिट किती? परत मिळतं का?

घरमालकाला जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेएवढं डिपॉझिट घेता येतं आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत भरायचा कायद्याने हक्क आहे. परत यायला घर सोडल्यावर काही महिने लागू शकतात, तेव्हा परतीच्या तिकिटाचे पैसे त्यातून येतील असं धरू नका.

माझं स्वतःचं सांगते. पहिल्या खोलीत खिडकीखालच्या लाकडी पट्टीवर पाण्याचा डाग होता, पंजाएवढा. मी तो पाहिला, फोटो काढला नाही. किल्ली घेताना भरायच्या कागदावर ‘सर्व ठीक’ असं लिहिलं होतं, जर्मन नीट येत नसताना मी त्यावर सही केली. दोन वर्षांनी घर सोडताना मालकांनी त्याच डागाचे १८० युरो कापले आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. म्हणून किल्ली हातात आली की बॅगा उघडण्याआधी सगळ्या भिंती, फरशी, खिडक्या, नळ, फ्रिजच्या आतली बाजू, गाद्या असे पन्नास फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवा.

पोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत काय करायचं?

सगळ्यात आधी आनमेल्डुंग, म्हणजे नगर कार्यालयात पत्त्याची नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. त्यासाठी घरमालकाने सही केलेला, ‘ही व्यक्ती इथे राहते’ असा कागद लागतो. हा कागद देत नाही म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका. मोठ्या शहरांत वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून वेळ ऑनलाइन लवकर घ्या आणि घेतल्याचा पुरावा जपून ठेवा.

या नोंदीवर पुढची साखळी उभी असते. बँकेचं खातं, कराचा नंबर, राहण्याचा परवाना आणि श्पेरकोंटोतून महिन्याचे पैसे सुटणं, सगळं एकमेकांत अडकलेलं असतं.

आता एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. तिथे इमारतींना आपल्यासारखे फ्लॅट नंबर सहसा नसतात. पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. माझं बँकेच्या पिनचं पत्र दोनदा परत गेलं आणि मला कारणच कळेना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला हाताला धरून पेटीपाशी नेलं, आधीच्या भाडेकरूच्या नावावर बोट ठेवलं आणि आपल्या घरातून चिकटपट्टी आणून दिली. मी वहीचा कपटा फाडला, ‘कुलकर्णी’ लिहिलं आणि लावला. पत्र तिसऱ्या खेपेला आलं. तेव्हा राहायला गेल्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर नाव लावा. करारावर आणि पासपोर्टवर आहे तेच आडनाव, त्याच स्पेलिंगने.

पहिल्या महिन्यासाठी हातात किती असावेत?

श्पेरकोंटोतले पैसे पोचल्या दिवशी मिळत नाहीत, तिथलं चालू खातं उघडेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात डिपॉझिट, पहिलं भाडं, विमा, गादी-पांघरूण, भांडीकुंडी, परवान्याचं साधारण १०० युरो शुल्क हे सगळं येऊन आदळतं. १,५०० ते २,५०० युरो वेगळे ठेवा, बहुतेक फॉरेक्स कार्डावर आणि दोन-तीनशे रोख. म्युनिकसाठी वरचा आकडा धरा. घराचं बजेट इथेच कोसळतं, कारण हे अडीच लाख कुठल्याच यादीत लिहिलेले नसतात.

आरोग्य विमा स्वस्तातला खासगी घेतला तर?

घाई करू नका. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. डॉक्टरकडे गेल्यावर वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. चिठ्ठीवरच्या औषधाला पाच ते दहा युरो पडतात. खासगी पॉलिसी दिसायला बरीच स्वस्त असते. पण शिक्षण सुरू होताना सार्वजनिक विम्यातून एकदा सूट मागितली, की त्या शिक्षणाच्या काळात परत येता येत नाही. आधीपासूनच्या आजारांना अनेक स्वस्त पॉलिस्या हात लावत नाहीत. दम्याचा त्रास असलेल्या मुलाने महिन्याचे पन्नास युरो वाचवायला हे करू नये, असं मी अगदी कळकळीने सांगते. तीस वर्षं ओलांडलेल्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी आधी नीट चौकशी करावी.

उतरल्यापासून विद्यापीठात नाव नोंदेपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवास विमा हवाच.

दातांची कामं आणि चष्मा मुंबईतच उरकून जा. चष्मा एक जास्तीचा न्या आणि नंबराची चिठ्ठीही. तिकडे रात्री-अपरात्री ताप आला तर ११६११७ वर फोन करायचा, जिवावर बेतलं असेल तर ११२.

बॅगेत खाण्याचं काय नेता येतं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. त्यामागे आईचा जीव असतो, म्हणून सविस्तर लिहिते.

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खव्याची बर्फी, चक्का, पनीर घरीच ठेवा. ताजी फळं आणि भाज्या यांना झाडांच्या आरोग्याचा दाखला लागतो. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना तेवढी सूट आहे. हापूसची पेटी म्हणून नेऊ नका, कढीपत्त्याची जुडीही नको. कढीपत्ता सावलीत वाळवून त्याची चटणी करून द्या.

मासे मात्र चालतात. सुके बोंबील, सुकट, जवळा माणशी वीस किलोपर्यंत नियमात बसतं, इतकं अर्थातच कुणी नेत नाही. प्रश्न वासाचा. माझ्या मावशीने जवळा आधी कोरडा भाजला, गार केला, मग पिशवी, त्यावर पिशवी आणि वर घट्ट झाकणाचा डबा. बॅग उघडली तेव्हा कपड्यांना काहीच नव्हतं.

सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडतं आणि आपल्याच विमानतळावर काढून घेतात. दुबईमार्गे जात असाल तर खसखस टाळा, तिथे तिला बंदी आहे. गोड्या मसाल्यात किंवा मालवणी मसाल्यात टाकली असेल तर तेही लक्षात घ्या.

खुशाल न्यायच्या गोष्टी म्हणजे गोडा मसाला, हिंग, आमसुलं, मेतकूट, पापड, कुळथाचं पीठ, थालीपिठाची भाजणी आणि लोणचं. लोणच्याची बरणी चेक-इनमध्येच टाका, वरून तेलाचा थर कमी करून. छोटा कुकर आणि दोन जास्तीच्या रिंगा न्या. मिक्सरही चालतो, कारण व्होल्टेज तेच आहे, पण आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत जात नाही, अडॅप्टर लागतो. डाळ-तांदूळ नेण्यात वजन घालवू नका, सगळीकडे मिळतं.

जेवणाचं कसं? शाकाहारी मुलाची उपासमार होईल का?

नाही होणार, पण त्याला स्वयंपाक यायला हवा. घरी रांधलं तर महिन्याला दोनशे युरोत छान भागतं. रोज बाहेर खाल्लं तर ते दहा दिवसांत संपतात. मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ, तीन ते पाच युरोत दुपारचं जेवण देते आणि शाकाहारी पदार्थ रोज असतो. तो मिळमिळीत लागला तरी गरम असतो.

लिडल, आल्डी, पेनी, नेट्टो ही स्वस्त दुकानं. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, मसूर, छोले यांसाठी तुर्की दुकान गाठा, भारतीय दुकानापेक्षा स्वस्त पडतं. पोह्यांना मात्र भारतीय दुकान. पोळ्यांना गव्हाच्या पिठाच्या पुड्यावर १०५० असा आकडा पाहून घ्या, ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा.

तूप नेता येत नाही म्हणून हळहळू नका. बिनमिठाचं लोणी विकत घ्या, मंद आचेवर कढवा, घरच्यासारखं रवाळ तूप होतं. आणि क्वार्क नावाचा पदार्थ प्रत्येक दुकानात मिळतो, तो म्हणजे चक्काच समजा. फडक्यात बांधून तासभर टांगला, साखर आणि वेलची घोटली की श्रीखंड तयार. आमच्या मजल्यावर पाडव्याला पाच देशांची मुलं ते खायला बसली होती.

फोडणी करताना खिडकी उघडा. धुराचा अलार्म छतावर असतोच आणि मिरचीच्या ठसक्याने तो हमखास वाजतो.

रविवारी दुकानं बंद म्हणजे सगळीच?

जवळपास सगळीच. मोठ्या रेल्वे स्टेशनातलं एखादं सोडून. शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड घेऊन ठेवा.

पार्ट टाइम नोकरीने खर्च निघतो का?

हळूहळू निघतो, पहिल्या सत्रात नाही. कायद्याने वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पूर्वी हे १२० आणि २४० होतं. विद्यापीठातच साहाय्यकाचं काम मिळालं तर ते या मोजणीत धरत नाहीत, म्हणून सगळ्यांचा पहिला प्रयत्न तिथे असावा. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून १३.९० आहे. मिनीजॉब म्हणतात त्या छोट्या नोकरीत २०२६ मध्ये महिन्याला ६०३ युरोपर्यंत मिळवता येतात, म्हणजे साधारण ४३ तासांचं काम.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पहिले तीन-चार महिने कागदपत्रं, थंडी आणि अभ्यास यात जातात. गोदामातलं काम पहाटे पाचला सुरू होतं आणि उभं राहून असतं. जर्मन नसेल तर पर्याय तेवढेच उरतात. म्हणून पहिल्या वर्षाचे पैसे घरून यायचेत असंच धरा आणि नोकरी मिळाली तर ती दुसऱ्या वर्षाची बेगमी समजा. कमाईसाठी परीक्षा सोडणारी मुलं मी पाहिली. एक सत्र वाढलं की सहा महिन्यांचा खर्च वाढतो, म्हणजे जवळपास सहा लाख. गोदामात मिळवलेले पैसे तिथेच जातात.

अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. जर्मन शिकायलाच हवी का?

हवी. वर्गात लागणार नाही. डॉक्टर, घरमालक, नगर कार्यालय, कामाची मुलाखत, सगळीकडे लागेल. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा घराजवळच्या चांगल्या शिक्षकाकडे निदान ए-टू, म्हणजे दुसरी पातळी, करून जा. प्रवेशाचं पत्र यायची वाट बघू नका.

प्रवासाला किती लागतात?

विद्यार्थ्यांचा पास बहुतेक ठिकाणी सत्राच्या वर्गणीत असतो. नसेल तर देशभर लोकल गाड्या, ट्राम, बस चालणारं डॉइचलांडटिकेट आहे. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना निघालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. वेगवान गाड्यांना ते चालत नाही. स्टेशनात फाटक नसतं, म्हणून तिकीट काढायचा विसर पडतो, पण तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि दंड ६० युरो असतो.

थंडीचे कपडे इथून घ्यायचे की तिथून?

आतले थर्मल, मोजे, स्वेटर इथून. कोट आणि बूट तिथून, कारण वारा आणि ओल अडवणारा कोट तिथल्या थंडीसाठीच शिवलेला असतो. सेकंडहँड दुकानात चांगले मिळतात. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. मुंबईच्या उन्हात वाढलेल्या मुलांना याचा मनावर भार येतो. फोनवर आवाज पडलेला वाटला तर ‘घरची आठवण येतेय का’ एवढ्यावर थांबू नका. दुपारी बाहेर पडतोस का, झोप लागते का, कुणाबरोबर जेवतोस, हे विचारा. विद्यापीठांत मोफत समुपदेशन असतं आणि बऱ्याच ठिकाणी ते इंग्रजीतही मिळतं.

घरात राहण्याचे कोणते नियम माहीत असावेत?

रात्री दहानंतर आवाज नाही. कचरा वेगवेगळ्या डब्यांत. कागद निळ्यात, प्लास्टिक वेष्टनं पिवळ्यात, ओला बहुधा तपकिरीत, उरलेला काळ्यात. पाण्याच्या बाटल्या फेकू नका. प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते आणि दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते. मुळात नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली घ्यायचीच गरज नाही.

खिडक्या मात्र कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटात बुरशी धरते तशी तिथे बंद खोलीत भिंतींना धरते आणि तिचा खर्च भाडेकरूकडून वसूल होऊ शकतो.

नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी लागते. पण ती घराला एक असते, तेव्हा चौघांत वाटून घ्या. हे पत्र खोटं समजून फेकणारे पुष्कळ आहेत आणि मग थकबाकी साठते. जिम, इंटरनेट, फोन यांचे दोन-दोन वर्षांचे करार सही करण्याआधी वाचा. आधी प्रीपेड सिम घ्या.

मुलीला एकटीला पाठवायला सुरक्षित आहे का?

मी एकटी गेले होते. रात्री अकराची ट्राम पकडून प्रयोगशाळेतून घरी यायचे. जी काळजी इथे घेतो तीच तिथे घ्यायची. पोलिसांचा नंबर ११०.

मुलगा पैशांबद्दल फोनवर काही सांगत नाही. विचारलं तर चिडतो. काय करावं?

या प्रश्नावर मी फोनवर सगळ्यात जास्त वेळ बोलते. मुलं सांगत नाहीत, कारण घरावर कर्ज आहे हे त्यांना ठाऊक असतं. मग ती जेवण कमी करतात, थंडीत हीटर बंद ठेवतात, मित्राकडून उसने घेतात. आई-बाबांना दिसतो फक्त हसरा चेहरा आणि मागे बर्फ.

आमच्या घरी बाबांनी जाण्याआधीच एक गोष्ट ठरवली होती. एक शीट, दोघांना दिसणारी. त्यात मी रोजचा खर्च युरोत लिहायचा, रुपयांत नाही. रुपयांत लिहिलं की कॉफीचे तीनशे रुपये दिसतात आणि दोन्हीकडे जीव हळहळतो. खर्चावर टीका करायची नाही, हेही तेव्हाच ठरलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही त्यावर बोलायचो. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चअखेरपर्यंत साडेचार तास. म्हणून इथली जेवणं उरकली की दोन वाजता फोन यायचा, माझ्याकडे तेव्हा सकाळचा चहा असायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या शीटमध्ये तीन आठवडे किराण्याच्या रकान्यात आठवड्याला फक्त अठरा-वीस युरो होते. मी काही बोलले नव्हते. बाबांनी रकाना पाहिला आणि एवढंच विचारलं, “बाळा, भाजी कुठली खातेस सध्या?” मला उत्तर देता आलं नाही. त्या आठवड्यात त्यांनी तीनशे युरो पाठवले आणि शीटमध्ये स्वतःच्या हाताने एक नवा रकाना टाकला, त्याला नाव दिलं ‘भाजी-फळं’, आणि खाली लिहिलं : महिन्याला ६० पेक्षा कमी चालणार नाही.